तळहातावरची गोळी

आमचे बाबा शिंपी. डोळे मिटून कापडाची जात सांगतील, पण पायात टाचणी घुसली तर त्यांना पत्ता नाही. साखरेच्या दुखण्यानं पायांची जाणीव कधीच नेली. अंगठ्याखालची जखमसुद्धा आईला मोज्यावरच्या डागावरून कळली.

डॉक्टरीणबाईंनी बोथट सळई जखमेत अलगद घातली, तेव्हा आत टणक काहीतरी लागलं. बाबा निवांत पंख्याकडे बघत होते. टणक म्हणजे हाड. जखम तिथवर पोचली म्हणजे जंतूही हाडात शिरला असणार, अशी दाट शंका. एक्स-रेत काही दिसेना. सुरुवातीला तो दाखवतच नाही म्हणे. शेवटी हाडाचा कण काढून तपासायचं ठरलं. जंतू ओळखता आला तर त्याला लागू पडणारी गोळी देता येईल, नाहीतर एक दिवस अंगठाच काढावा लागेल. मात्र त्याआधी काही दिवस जंतूंवरची चालू गोळी बंद ठेवायची. ती पोटात असली तर जंतू दबून राहतो आणि तपासणीत सापडत नाही, असं त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं.

आमच्या घरची एक तऱ्हा आहे. बाबा मशीनवर बसले की न बघता हात मागे करतात आणि आई त्यावर काहीतरी ठेवते. बटण असलं तर ते कापडावर जातं, गोळी असली तर तोंडात. अजून तरी अदलाबदल झालेली नाही.

हाडात जंतू सापडला नाही, असा निकाल आला. मी तिथेच आनंदानं रडले. बाबा उद्यापासून शिवायला बसायच्या गोष्टी करू लागले. आई तेवढी पदराशी चाळा करत होती. मग ती म्हणाली, "बाई, यांची गोळी चालूच होती. मीच देत होते."

गोळी थांबवली तर पाय हातचा जाईल, या धास्तीनं तिनं उरलेलं पाकीट संपवलं होतं. हातावर पडेल ती गोळी न बघता गिळणाऱ्या बाबांना त्याचा गंधही नव्हता. मला भयंकर संताप आला. डॉक्टरीणबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "बोललात हे फार बरं झालं. नाहीतर हाड आतून सडलं असतं आणि आपण वरून पट्ट्या बदलत बसलो असतो." मग बाबांकडे वळून त्यांनी, यापुढे हातात काय पडतंय ते बघून घ्यायचं, अशी ताकीद दिली. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

पुन्हा गोळी बंद झाली. बाबांचा हात सवयीनं मागे यायचा आणि आई तो हळूच परत पाठवायची. दुसऱ्या खेपेला हाडात जंतू सापडला. जंतू सापडला म्हणून एकमेकांना मिठ्या मारणारं आमचंच घर असेल. नेमकी गोळी ठरली आणि अंगठा बहुतेक वाचेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

त्या संध्याकाळी बाबांचा हात मागे आला. आईनं चष्मा लावून गोळीचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मनगट धरून ठेवलं.

"अहो, आधी बघा तरी."

"तू बघितलीस ना?" बाबा म्हणाले आणि त्यांनी गोळी तोंडात टाकली.