दोन मिनिटांची शांतता

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या काचेला भेटीच्या वेळी वीस-पंचवीस नाकं चिकटली होती. आत एका चमत्कारी बाबांनी चार नंबरच्या खाटेवरच्या पोरीवर हात धरला, डोळे मिटले आणि गरजले, "शांत हो!" आणि काय सांगावं, तीन दिवस टींटीं करून आईबापाचं डोकं उठवणारं यंत्र गप्प! बाहेर लोकांनी हात जोडले.

"पीडा आम्ही ओढून घेतली," बाबा घाम पुसत म्हणाले. "यंत्राचं काम संपलं. पोरीला आमच्या मठात हलवा."

"सिस्टर, घरी सोडायचे कागद आणा," पोरीचा बाप म्हणाला. "कुठं सही करू?"

मोठ्या सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावर प्राणवायूचा आकडा शहाऐंशी, नव्वदच्याही खाली. म्हणजे यंत्र बोंबलायलाच हवं होतं. आणि बाबांचा शिष्य अंगरख्याआडून हात घालून यंत्राला खेटून उभा! त्यांनी आधी पोरीच्या नाकातली सरकलेली नळी नीट बसवली, मग शिष्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. तेवढ्यात यंत्र पुन्हा किंचाळलं.

"हं बाबा, करा गप्प."

बाबा तीनदा गरजले. यंत्रानं दाद दिली नाही.

सिस्टरांनी पोरीच्या आईचं बोट धरून घंटेचं चित्र असलेली कळ दाबली. शांतता.

"झालात तुम्ही पण बाबा! दोन मिनिटं फक्त आवाज बंद होतो, ताई. आजार जिथल्या तिथं."

"अश्रद्धेच्या जागी आमची शक्ती चालत नाही," म्हणत बाबा दाराकडे सटकले.

आईनं शिष्याची वाट अडवली. "ही कळ कुणी शिकवली रे?"

"शिकवायचं काय त्यात? दोन दिवस काचेतून बघतोय. या सिस्टरच दाबतात. न बघता."

सिस्टरांचा चेहरा उतरला. एखाद्या पोरानं नुसता पाय हलवला, बोटावरचा चिमटा सैल झाला तरी यंत्र ओरडतं. दिवसभर ऐकून हात डोळ्यांच्या आधी पोचतो. सकाळी फोनवर बोलता बोलता त्यांनी हीच कळ दाबली होती. नळी तेव्हाच सरकली होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "आवाज थांबला म्हणून पोर बरी झाली, असं बाबानं सांगितलं तरी मानू नका, मी सांगितलं तरी मानू नका. आकडा किती, नळी कुठं, ते विचारा. मी चिडले तरी विचारा."

बापानं मान खाली घातली. आईनं स्टूल पडद्यासमोर ओढलं.

यंत्र परत वाजलं. सवयीनं सिस्टरांचा हात कळीकडे गेला.

"आधी बघा," आई म्हणाली.