टोक धर

इस्पितळाच्या बड्या साहेबाच्या खोलीत गेलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची. साहेब काही वाईट नव्हता हो, खोलीच तशी बांधलेली. दार या टोकाला, टेबल पार त्या टोकाला, मध्ये लांबलचक गालिचा. चालता चालताच निम्मं बोलणं गळून पडायचं. टेबल ओट्यावर, पायरीभर उंच. त्यामागे भलीमोठी खिडकी, त्यामुळे साहेब म्हणजे उजेडातली काळी आकृती. हसतोय की खेकसतोय, पत्ता नाही. आणि आपल्यासाठी सोफा इतका मऊ, की बसलं की गुडघे हनुवटीला. गुडघ्यांआडून कोण भांडणार?

माझी थोरली बहीण, अक्का, त्या इस्पितळाच्या धुलाईखात्याची मुकादम. मी तिच्याच हाताखाली, इस्त्रीच्या यंत्रावर. अक्का म्हणजे तोफ. पण तीसुद्धा त्या सोफ्यातून भिजलेल्या फटाक्यासारखी परत आली.

"काय झालं गं?"

"काही नाही. त्यांनी पाणी विचारलं, मी प्याले."

"आणि हॉलचं?"

"तू तुझं यंत्र बघ, ढब्ब्या."

हॉल म्हणजे आमचा वरचा, खिडक्यांचा हॉल. तिथे बायका चादरींच्या घड्या घालायच्या. तो काढून घेतला, मोठे पाहुणे आले तर बसायला. पाहुणा येतोय कधी देव जाणे. मध्ये काचेच्या पेटीत अख्खं इस्पितळ छोटं करून ठेवलेलं. त्यात माळ्याची खोपटीसुद्धा होती. धुलाईखातं तेवढं नव्हतं.

आम्हाला दिलं तळघर. आता चादरीची घडी काय मांडीवर घालतात? दोघींनी दोन टोकं धरायची, मागे सरून ताणायची, मग पुढे येऊन टोकाला टोक भिडवायचं. तळघरात मागे सरावं तर पाठीला भिंत. चादर लोळायची फरशीवर, डाग पडायचे, वॉर्डातून परत यायची. शेवटी वरून निरोप आला: असंच चाललं तर काम बाहेरच्या कंत्राटदाराला देऊ. म्हणजे सगळ्या बायका घरी. त्यासाठीच अक्का वर गेली होती, आणि पाणी पिऊन आली.

मग साहेबाच्या खिडकीचे पडदे धुवायला आले. पडदे कसले, जहाजाची शिडंच! धुतले, वाळवले, पण तळघरात उलगडणार कुठे? गाठोडं बांधलं आणि मी नि अक्का वर घेऊन गेलो. साहेब जागेवर नव्हता. मी शिडीवर चढून कड्या बघू लागलो. अक्का ओट्यावर उभी राहिली, पडद्याची एक बाजू हातात घेऊन हात वर ताणले. पडदा तिच्या नाकासमोर, पलीकडचं काही दिसेना. दुसरं टोक गालिच्यावर पसरलेलं.

दार वाजलं. अक्काला वाटलं शिपाई.

"आलास? धर ते टोक! लोळतंय खाली."

टोक उचललं गेलं.

"ताण की! जेवला नाहीस का? मागे सर. अजून. आता ये पुढे... अरे, हात वर, हात वर! लग्नात अंतरपाट धरलायस का?"

मला शिडीवरून सगळं दिसत होतं. टोक साहेबाच्या हातात होतं! आणि तो मुकाट्याने मागे सरत होता, पुढे येत होता, हात वर करत होता. टोकाला टोक भिडलं, पडदा खाली आला, आणि दोघं समोरासमोर.

अक्का ओट्यावर. साहेब खाली.

साहेबाने डोळे बारीक केले, कपाळावर हात धरला. "मुकादमबाई ना? तुमचा चेहराच दिसत नाहीये."

अक्का म्हणाली, "आम्हाला तरी तुमचा कुठे दिसतो, साहेब?"

संपलं, म्हटलं. आता कंत्राटदार कशाला, आजच घरी! पण अक्काची तोफ परत पेटली होती. "आत्ता तुम्ही मागे सरलात ना? तेवढीच जागा मागतेय मी. चला, तळघरात एक चादर धरून बघा माझ्याबरोबर."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघायचा?"

आला, बरं का! तळघराच्या दारात त्याला वाकावं लागलं. चादर धरली, मागे सरला, भिंतीवर डोकं आपटलं, आणि चादर त्याच्याच बुटाखाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. साहेब डोकं चोळत आधी बुटाकडे बघत राहिला, मग स्वतःच खो खो हसला. "काचेची पेटी हलवा," शिपायाला म्हणाला. "हॉल यांना देऊन टाका."

त्या दिवशी आम्ही कपाटं, टेबलं, टोपल्या डोक्यावर घेऊन मोठ्या जिन्याने वर गेलो. मागच्या नाही, मोठ्या! खिडक्या उघडल्या. चादरी अशा फडफडल्या की मला रडूच यायला लागलं. वाफ गेली डोळ्यात म्हणालो. वर आणलेलं यंत्र अजून सुरूच केलं नव्हतं.

इतक्यात साहेब एका पाहुण्याला घेऊन हॉलमधून पलीकडे निघाला. अक्काने मान न वळवता हाक दिली, "थांबा तिथेच! चादर आडवी आहे."

दोघे उंबऱ्यावर उभे राहिले. घडी पूर्ण होईपर्यंत.