ओझरच्या मुलाचा फोटो

शेखरमामाने तिसऱ्या वेबसाइटवर फोटो चढवला आणि पडद्यावर फिरणाऱ्या गोलाकडे तो डोळे बारीक करून पाहत बसला.

ओझरच्या हर्षलचा तो फोटो मध्यस्थ कोंडाजींनी व्हॉट्सॲपवर धाडला होता. कुणाच्या तरी हळदीतला, सात जणांतला, नखाएवढा चेहरा. रविवारी मुलाकडची माणसं अंजलीला बघायला येणार होती. त्याआधी एआयने फोटो मोठा करून मुलगा नीट पारखायचा, असा मामाचा बेत. दुसरा फोटो मागून घ्यावा, हे कुणाला सुचलं नव्हतं. मुलीकडच्यांनी असं मागणं बरं दिसत नाही म्हणे.

पहिल्या साइटने मुलाच्या नाकावर आपलंच नाव छापलं होतं. दुसरीने त्याला गोरापान केलं, वर ओठही गुलाबी केले.

"हे छान आहे की," अंजलीची आई, मंगलाबाई म्हणाल्या.

"ताई, आपल्याला मुलगा बघायचाय, क्रीमची जाहिरात नाही."

मामाची अक्कल तेवढ्यापुरती चालली आणि पुन्हा बंद पडली.

अंजली दाराशी उभी होती. द्वारका चौकाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात चार वर्षं ती दिवसभर हेच करत आली होती. वाढदिवसवाल्यांचे धुरकट फोटो मोठे करायचे. कुठलं टूल कशा थापा मारतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण स्वतःच्या स्थळात मुलीने तोंड घालायचं नसतं. एवढ्यात लग्न नको, स्वतःचं दुकान टाकायचंय, हे तिने तीनदा सांगून पाहिलं होतं. तिन्ही वेळा आई म्हणाली होती, "चहा टाक." आता तिला या दोघांचा राग येत नसे. नुसता तिटकारा येई.

तिसऱ्या साइटने मात्र काम फत्ते केलं. मिशीचा केस न् केस मोजता येईल असा हर्षल समोर आला. साधा, जरा दमलेला चेहरा. मामा चेहऱ्यावरून हाताकडे सरकला. हातात सरबताचा ग्लास होता.

"एक, दोन, तीन, आणि हा अंगठा." त्याने पुन्हा मोजलं. "ताई, एक बोट नाहीये!"

"अगं बाई!"

"फिटर आहे ना? मशीनने घेतलं असणार. आणि कोंडाजी म्हणतो, पोरगा निरोगी! लपवलं की आपल्यापासून."

अंजलीला हसू दाबणं कठीण झालं. मूळ फोटोत त्या जागी बोटं नव्हतीच, ग्लासावर नुसता एक डाग होता. यंत्राने अंदाजपंचे चार काढली होती. पुन्हा टाकला तर सहा काढील. आणि या शहाण्यांनी त्यावरून अपघातही घडवून आणला.

तेवढ्यात मामा तिच्याकडे वळला.

"अंजे, तू दुकानात हेच करतेस ना गं? बरोबर दाखवतं का हे?"

चार वर्षांत या घरात तिच्या कामातलं तिला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. दोघंही तिच्या तोंडाकडे पाहत होते. खरं सांगितलं तर रविवार होता, आणि रविवारनंतर पुढचं सगळंच होतं.

"चांगलं टूल आहे," ती म्हणाली. "आहे तेच दाखवतं."

मामाने कोंडाजींना फोन लावला. पलीकडून ते शपथा घेत होते, हा ऐकून घेत नव्हता. शेवटी त्याने फोन आपटला.

"रविवार रद्द."

अंजलीला इतकं हलकं वाटलं की ती खरंच चहा टाकायला निघाली. मंगलाबाईंनी आपला फोन हातात घेतला होता.

"विमलाबाईंच्या कानावर घालते. त्यांच्या पोरीसाठीही हेच स्थळ चाललंय. कुणाच्या लेकीचं वाटोळं नको व्हायला."

"आई, राहू दे ना."

"का राहू दे?"

रिंग वाजत होती.

"विमलाबाई, त्या ओझरच्या मुलाचं कळलं का? हात अधू आहे हो त्याचा... छे, ऐकीव कसलं? आमची अंजलीच म्हणाली. तिचं कामच आहे ते."