थेंबभर तूप

शनिवारी कावेरी बोलत नसे. सकाळी अंघोळ झाली की ओठ मिटायचे, ते दिवेलागणीला देवापुढे समई लागली की उघडायचे. दुबईत आल्यापासूनचं हे व्रत. ऊद मेथा भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ते सगळ्यांना पाठ झालं होतं; वॉचमनसुद्धा शनिवारी तिला नुसता हात करायचा. तिचा नवरा धनंजय म्हणायचा, शनी सगळ्यांना छळतो, मला एकट्याला पावतो.

तिचा केकचा धंदाही व्रतातूनच आला. चातुर्मासात ती श्रावणात पालेभाज्या सोडायची, भाद्रपदात दही, आश्विनात दूध. एका वर्षी आश्विनात सोडलेलं दूध तिने परत धरलंच नाही. धनंजयच्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला होता, आणि तिला स्वतःलाही अंग हलकं वाटू लागलं होतं. अंडं-मटण घरात नव्हतंच कधी. आता दही-पनीर गेलं, बदामाचं आणि नारळाचं दूध आलं. त्यात केक जमले, केकमागून ऑर्डरी आल्या. रीतसर लायसन्स निघालं. डब्यावर एक झाड छापलं आणि खाली लिहिलं, 'दूध नाही, अंडं नाही'.

सातव्या मजल्यावरच्या रोशेलला 'दूध नाही' या दोन शब्दांनी रडू आलं होतं. ती वसईची, हॉटेलात रिसेप्शनला. तिच्या मुलाला, कार्लला, दूध चालत नसे. एकदा शाळेत कुणी पेढा भरवला तर ओठ सुजले, श्वास कोंडला, अँब्युलन्स बोलवावी लागली. तेव्हापासून पोरगं दुसऱ्यांच्या वाढदिवसाला स्वतःचा डबा घेऊन जायचं. कावेरीचे मफिन मिळाले आणि तो डबा सुटला. हल्ली त्याच्या गालावर, तोंडाभोवती मधूनमधून लाल चट्टे उठत. रोशेलने साबण बदलला, उशी बदलली, शेवटी कावेरीलाच विचारलं. कावेरीने मायेने सांगितलं होतं, अगं वाळूची धूळ असेल, एसीचे फिल्टर धुऊन घे.

आज कार्लचा सातवा वाढदिवस होता. खजूर आणि कोको घातलेला मोठा केक कावेरीने दुपारी ओव्हनमधून काढला, सजवला, डब्यात ठेवला. तेवढ्यात फोनवर व्हॉइस नोट आली. शारजातल्या रोल्लाच्या मरियमबीची, नव्या गिऱ्हाइकाची. नातीला दूध मना आहे, सांगत होती. "बाजी, एक बात पूछनी थी। घी तो नहीं पड़ता ना? घी भी आख़िर दूध ही है।"

मौन असल्यामुळे कावेरीने बोटांनी टाइप केलं, 'नहीं'. पाठवायला अंगठा उचलला आणि तिची नजर ओट्याच्या कडेला गेली.

तिथे देवाची तुपाची वाटी होती.

प्रत्येक घाणा ओव्हनमध्ये जाण्याआधी ती त्यात देवाचं नाव घेऊन तुपाचा एक थेंब सोडायची. अन्नशुद्धी. नैवेद्याच्या भातावर तूप पडल्याशिवाय ते अन्न देवाचं होत नाही, हे ती चालायला लागल्यापासून बघत आली होती. तो थेंब खाण्यातला नव्हताच, तो देवाचा. स्वतः दूध सोडलं तेव्हाही ही वाटी तिच्या मनात कधी आली नाही, जशी निरांजनातली वात येत नाही. आणि आज तर पोराचा वाढदिवस, म्हणून हात थेंबावर थांबला नव्हता. चांगलं चमचाभर सोडलं होतं.

साबण, उशी, वाळूची धूळ.

बेल वाजली. दारात रोशेल, केसांना क्लिप लावलेली, हातात सेलोटेप. शनिवारी कावेरी बोलत नाही हे तिला ठाऊक, त्यामुळे ती एकटीच दोघींचं बोलून घ्यायची. फुगे फुगवून कंबर मोडली, पाचला केक कापायचा, कार्लने सगळ्यांना सांगून ठेवलंय की आज तोही तोच केक खाणार जो सगळे खाणार. आत येऊन ओट्यावरचा डबा तिने दोन्ही हातांनी उचलला. कावेरीचे ओठ मिटलेलेच राहिले. एवढं नाव, एवढ्या ऑर्डरी, आणि हिच्या डोळ्यांतला हा विश्वास. व्रत आहे, तिने मनाशी म्हटलं. दिवेलागणीला सांगू.

"देव तुमचं भलं करो, ताई," रोशेल म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली.

दार लोटून कावेरी देवघरापाशी आली. दिवेलागण सहाला. केक पाचला. हे तिला दारातही ठाऊक होतं. आपण गप्प राहिलो ते देवासाठी नव्हे, देवाच्या आड लपलो, हे कळल्यावर तिला देवाकडे बघवेना. लिफ्ट वरच थांबली होती. ती जिन्याने निघाली, चपला न घालता.

दार रोशेलनेच उघडलं. आत पाच-सहा मुलं धुमाकूळ घालत होती.

"रोशेल, तो केक देऊ नकोस."

रोशेल आधी तिच्या तोंडाकडेच बघत राहिली. "ताई, तुम्ही बोलताय?"

"त्यात तूप आहे. मीच घातलंय."

इथे थांबता आलं असतं. आजचीच चूक म्हणून निभावून गेली असती.

"मफिनमध्येही असायचं," कावेरी म्हणाली. "दर वेळी. थेंबभर."

रोशेलने तिला किचनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात धूळ."

"म्हणाले."

"घालत कशाला होता?"

"देवासाठी."

"देव कुठे खातो, ताई? कार्ल खातो."

बाहेर एक फुगा फुटला, मुलं खिदळली. रोशेल डोळे पुसून कोरड्या आवाजात म्हणाली, "सामान घेऊन या. भांडी नकोत, भांडी माझी. इथेच करायचा, माझ्यासमोर."

कावेरीने सामान आणलं. रोशेलने प्रत्येक पाकिटावरची अक्षरं वाचली, बाटली हुंगली, चमचे पुन्हा घासले. कावेरी पीठ फेटत होती आणि रोशेल तिच्या हातांकडे बघत होती. कालपर्यंत हेच हात तिने कौतुकाने धरले होते. साचा ओव्हनमध्ये सरकवताना कावेरीचा उजवा हात सवयीने ओट्याच्या कडेकडे गेला. तिथे काही नव्हतं. रोशेलने ते पाहिलं. कावेरीने हात ओढणीला पुसला.

केक होईपर्यंत मशिदीची अजान झाली. खाली देवघरात समई लागली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सातला केक कापला. मुलांनी गाणं म्हटलं, कुणी फोटो काढले. त्या दोघींनी गाणं म्हटलं नाही. कार्लने घास घेतला आणि दोघी त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. घास गिळून झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. गाल होते तसेच राहिले.

"मम्मा, इट्स नाइस," कार्ल म्हणाला, "बट नॉट लाइक आंटीज केक."

रोशेलने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कावेरीकडे तिने पाहिलं नाही, आणि निघताना 'थांबा' म्हटलं नाही.

घरी येऊन कावेरीने समई लावली. नैवेद्याच्या वाटीत खडीसाखर ठेवली, तूप नाही. हात जोडले, पण मागायला काही सुचेना. मग तिथेच बसून फोन उघडला. 'नहीं' अजून तसंच, न पाठवलेलं होतं. तिने ते पुसलं आणि बोलायचं बटण दाबून धरलं.

"मरियमबी, घी पड़ता था। मुझसे ग़लती हुई।"

पाठवलं. मग ऑर्डरींतलं पुढचं नाव काढलं आणि घसा खाकरला.