दुसऱ्याची कळशी

मित्रांनो, मी पितळेची कळशी. वय विचारू नका, पोचे मोजा! पण आधी माझ्या गळ्याखाली बघा. छिन्नीच्या बारीक टिंबांनी कोरलंय : ‘कु. गोदा मारुती भुवड, तळवली’. या एका ओळीपायी मी पन्नास वर्षं परकी म्हणून जगले.

गोदा माझी पहिली मालकीण. गुहागरजवळच्या तळवलीची. तिच्या वडिलांनी, मारुतीने, लग्नाआधी कासाराकडून माझ्यावर तिचं नाव घालून घेतलं. म्हणाले, “सासरी भांड्यात भांडं मिसळतं. नाव असलं की हरवत नाय.” लग्न लागलं, आणि नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं : मालन. झालं! त्या दिवसापासून तिला गोदा म्हणणारं घरात कुणी उरलं नाही. मला माहीत होतं, पण मला कुठे बोलता येतं?

मालन मला कमरेवर घेऊन विहिरीवर जायची. चिंचेने घासायची. काय लखलखायचे मी! मग तिला उत्तम झाला. तो तीन वर्षांचा असताना ती तापाने गेली. उत्तमच्या वडिलांनी पुन्हा तिचा विषय काढला नाही. पुढे वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा पोराला आणि मला घेऊन ते कळव्याच्या चाळीत आले.

चाळीत लग्न निघालं की घराघरातली भांडी मांडवात जायची आणि परत येताना हमखास अदलाबदल व्हायची. वडील वारल्यावर उत्तमचं लग्न झालं. नव्या सुनेने माझा गळा वाचला.

“अहो, ही गोदा भुवड कोण?”

“कोण जाणे! आपली कुणाकडे गेली असेल, त्यांची आपल्याकडे आली.”

“मग दुसऱ्याच्या कळशीत पाणी नको बाई भरायला.”

फार सरळ बाई होती ती. चाळभर विचारून आली. कुणीच हक्क सांगितला नाही, म्हणून मी माळ्यावर गेले. डोंबिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा तिथल्या माळ्यावर. कोळ्यांनी माझ्या तोंडावर जाळी विणली. हिरवी पडले मी.

माळ्यावरून खालचं सगळं ऐकू यायचं. दर सर्वपित्रीला गुरुजी तर्पण सांगायला येत. त्यात आईच्या वडिलांचंही नाव घ्यायचं असतं. “मातामहांचं नाव?” गुरुजी विचारायचे. “माहीत नसेल तर नुसतं मातामह म्हणा.” उत्तम तसं म्हणायचा, पण आवाज पार बसलेला असायचा. मित्रांनो, केस पांढरे झाले तरी तो माणूस दरवर्षी त्या एका जागी तीन वर्षांचा व्हायचा.

गेल्या वर्षी त्याच्या नातीने, रुचिताने, ते पाहिलं.

“आजोबा, पुढच्या वर्षी नाव घ्यायचंच! माझी गॅरंटी!”

“अगं, आईचं माहेर सांगणारं आता उरलंय कोण?”

“बघूच ना.”

रुचिताने वही काढली. नियम ठरवला : एक रविवार, एक माणूस, एक प्रश्न. गावच्या चुलत्यांना फोन झाला. कारखान्याच्या जुन्या कागदांत बायकोच्या नावाचा रकाना कोरा निघाला. शहाडच्या तुळसाआत्या म्हणजे उत्तमच्या वडिलांची धाकटी बहीण. त्या म्हणाल्या, “मालनचं माहेर? नाय गं बाय आठवत.” रुचिताने फुली मारली. पण कधी लग्नाचं वर्ष मिळायचं, कधी विहीर कुठली होती ते. वही हळूहळू भरत होती.

रुचिताची आई चित्रा वैतागायची. “दहावीचं वर्ष आहे! गेलेल्यांचा अभ्यास पुरे, आता गणित उघड.”

“एकच फोन, आई. मग गणित. प्रॉमिस!”

पुन्हा पितृपक्ष आला. विचारायला माणसंच संपली. मग त्या रविवारी रुचिताने तुळसाआत्यांनाच परत फोन लावला, स्पीकरवर. पण प्रश्न बदलला.

“आत्या, माहेर राहू दे. लग्नाच्या दिवशी काय काय झालं, ते सांगा.”

“अगो, लय आठवतं! मी सात वर्षांची. तांदळातलं नाव मीच वरडून वाचलं, मालन!”

“म्हणजे मालन हे सासरचं नाव? मग आधीचं?”

“ते कोण लक्षात ठेवतो? माझं सासरचं नाव तुझ्या आज्याला तरी माहीत हाय का, विचार!”

आजोबांनी मान खाली घातली.

“एक आठवतं,” आत्या म्हणाल्या. “पितळी कळशी आणली होती तिने. आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाय.”

आणि मी कुठे होते? दारात! नवरात्राआधीच्या साफसफाईत चित्राने माळा रिकामा केला होता आणि भंगारवाल्याने मला काट्याच्या हुकाला टांगलं होतं.

“चांगलं जड पितळ आहे,” तो म्हणाला.

“घेऊन टाका. दुसऱ्याच कुणाची तरी आहे ती.”

“आई, थांब!”

रुचिताने मला हुकावरून ओढून काढलं, ओढणीने गळा घासला आणि मोठ्याने वाचलं. वाचून स्वतःच घाबरली. “आत्या, पण ही चाळीतल्या कुणाची असली तर? इथे तळवली लिहिलंय.”

आत्या फोनवरच ओरडल्या, “तळवली! अगो, तिथंच तर गेलो होतो वऱ्हाड घेऊन! खाडी उतरून!”

आजोबांनी मला मांडीवर घेतलं. टिंबांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. “गोदा,” ते म्हणाले. “आईला नावाने हाक मारायची नसते... पण आज मारतो.”

सर्वपित्रीला तर्पणाचं पाणी माझ्यात भरलं होतं. गुरुजींनी विचारलं, “मातामहांचं नाव?”

“मारुती!” आजोबांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल.

गुरुजी न अडखळता पुढे गेले. “मातामहीचं?”

म्हणजे गोदाची आई. आजोबांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. माझ्यावर ते नाव नाही, मित्रांनो. मारुतीने लेकीचं नाव घातलं, स्वतःचं घातलं, बायकोचं घालायचं कुणाला सुचलंच नाही. रुचिताने वही उघडली आणि पुढच्या रविवारसमोर लिहिलं : ‘तळवली, भुवडवाडी. गोदाची आई?’

म्हणून एक विनवणी. जुनं भांडं मोडीत काढण्याआधी त्याचा गळा वाचा. आणि घरातल्या आजीला, पणजीला आजच विचारा, “तांदळात नाव लिहिण्याआधी तुला काय म्हणायचे गं?” सगळ्यांच्याच वाट्याला कळशी येत नाही.