हळदीच्या पाण्यातलं बाळ

केळीच्या वखारीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. रावेर, सावदा, पार वरणगावपासून लोक आलेले. गर्भार सुना पुढे, सासवा त्यांच्यामागे आणि आम्ही म्हातारे भिंतीला टेकून. मधोमध परात, तिच्यात हळदीचं पाणी, आणि पाटावर जलदर्शी महाराज.

"डॉक्टरचं मशीन काय दाखवतं? काळं-पांढरं!" महाराज गरजले. "आमचं पाणी रंगीत दाखवतं! डॉक्टर सुई टोचतो, आम्ही नजर टोचतो. बोला, कोणाचं बाळ पाहायचं?"

सगळ्यांत आधी हात वर केला तो मी.

माझी नात मेघा पाच वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी जळगावला नेऊन रक्त चढवावं लागतं. सून ज्योत्स्नाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला आणि माझ्या मुलाला, हितेंद्रला, समोर बसवून सांगितलं होतं, "दर खेपेला बाळाला हा आजार असण्याची चारात एक शक्यता असते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या वारेचा नमुना सुईनं घेऊन तपासता येतो. मुलगा की मुलगी ते सांगणार नाही, फक्त हा आजार आहे का ते कळेल. करायचं का, तुम्ही दोघं ठरवा."

दोघं ठरवतच होते. मध्ये पडलो मी. वीस वर्षं कीर्तनात टाळ धरणारा माणूस! म्हणालो, "देवाच्या घरात सुई घालता?" आणि सुनेला वखारीत घेऊन आलो.

महाराजांनी तांब्यातलं तीर्थ परातीत ओतलं. पिवळं पाणी रक्तासारखं लाल झालं.

"रक्तदोष!"

माझी बायको लताबाई तोंडाला पदर लावून रडू लागली. महाराजांनी ज्योत्स्नावरून लिंबू उतरवलं, कापून परातीत पिळलं. पाणी परत पिवळं!

"गेला दोष! हे तांब्यातलं तीर्थ अकरा दिवस घरात शिंपडा. अन् सुई टोचाल, तर दोष दुपटीनं येईल!"

मी तिथल्या तिथे साष्टांग पडलो.

त्या अकरा दिवसांत दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मीच उचलला. "आमचं तपासून झालं," असं सांगून ठेवला. सुनेला कळूसुद्धा दिलं नाही.

बाराव्या दिवशी ज्योत्स्ना तीर्थाची बाटली घेऊन स्वयंपाकघरातून आली. "आबा, यात बोट बुडवा."

बुडवलं. बुळबुळीत लागलं.

"ओळखीचं वाटतं का?"

लताबाईनं बोट चोळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "व माय! हे तर पापडाचं खारं पाणी!"

आमच्याकडे केळीच्या खांबाची राख पाण्यात भिजवतात आणि वरचं निवळ पाणी उडदाच्या पिठात घालतात. दर उन्हाळ्यात माझ्याच अंगणात हे चालतं.

ज्योत्स्नानं वाटीत हळद कालवली, घरचं खारं पाणी घातलं. लाल. लिंबू पिळलं. पिवळं.

"खारानं हळद लाल होते, आंबटानं परत पिवळी. हळदीच्या कपड्याला साबण लागला की लाल डाग पडतो, तसंच. आता सांगा आबा, दोष माझ्या बाळाला होता की या वाटीला?"

तेवढ्यात मेघानं माझा सदरा ओढला.

"आबा, माझ्या रक्तात दोष आहे ना? मग माझ्यावरून लिंबू का नाही उतरवलं?"

तिच्या देखत अकरा दिवस मी 'दोष, दोष' करत फिरलो होतो. मी तिला पोटाशी धरलं.

मग फोनचंही सांगून टाकलं. हितेंद्रनं लगेच दवाखान्यात फोन लावून वेळ घेतली. तिसऱ्या दिवशी मी दोघांबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वारेच्या तपासणीची वेळ टळली. आता सोळावा आठवडा लागल्यावर गर्भजलाची करता येईल. आबा, हा वाढीव महिना तुमच्या सुनेला रात्रंदिवस काळजीत काढायचाय."

एकादशीच्या कीर्तनात बुवांची परवानगी घेऊन मी उभा राहिलो. हळद, खार, लिंबू, सगळ्यांसमोर करून दाखवलं. फोनचंही सांगितलं.

मागून गावातला जीवराम ओरडला, "भो, तू तर वीस वर्षं कीर्तन ऐकतो!"

"टाळ वाजवत होतो रे," मी म्हटलं. "संतांनी ढोंग्यांना झोडपलेलं कानावरून जात होतं. ऐकलं मात्र नाही."

कोणी हसलं नाही. ज्या सासवा वखारीत होत्या, त्या खाली पाहू लागल्या.

ज्योत्स्नानं तपासणी करायचं ठरवलंय. उद्या दोघं जळगावला जातील. काय निघेल ते ठाऊक नाही. निघाल्यावर काय करायचं, तेही ती दोघंच ठरवतील. मला त्यांनी विचारलेलं नाही, आणि आता माझा तो हक्कही राहिलेला नाही.

तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो. बाळाच्या रक्तात काय आहे, हे रक्त तपासणाऱ्यालाच विचारा. तपासायचं की नाही, ते आईबापाला ठरवू द्या. देवाजवळ बळ मागा, रोगाचं निदान मागू नका.