नाव नसलेला काळा पोर्टफोलिओ

मी एक जुना काळा पोर्टफोलिओ आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसेल, किंवा मोठी चपटी बॅग समजून सोडून दिलं असेल. ग्राफिक डिझायनर आपली निवडक कामं ज्यात घालून लोकांना दाखवायला नेतात, तो मी. मला तीन बाजूंनी चेन आहे. आत धातूच्या कड्या आहेत आणि त्या कड्यांत ओवलेली पारदर्शक प्लास्टिकची पानं. प्रत्येक पानात काम सरकवायचं, मागे काळा कागद घालायचा, की साधं चित्रही रुबाबदार दिसतं. एक खोड मात्र माझ्यात जन्मापासून आहे. प्लास्टिकवर प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज जमते, आणि मग धूळ, केस, सुताचा तुकडा, जे जवळ असेल ते येऊन चिकटतं. ही खोड लक्षात ठेवा. पुढे ती कामाला आली.

माझा जन्म इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तो एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता आणि तिथे शिलाई मशीनं ओळीने मांडलेली होती. माझे कोपरे एका बाईंनी शिवले. नियमाप्रमाणे कोपऱ्याला एकच शिवण पुरे होती, पण त्यांनी प्रत्येक कोपरा उलटा फिरवून पुन्हा एकदा शिवला. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याबरोबर जन्मलेले माझे भाऊ केव्हाच फाटून गेले असतील. माझे कोपरे आजही शाबूत आहेत, आणि याचा मला अभिमान आहे.

नॉटिंगहॅमच्या एका दुकानातून मला ऋजुता खांबेटे या मुलीने विकत घेतलं. ती तिथल्या विद्यापीठात ग्राफिक डिझाईन शिकत होती. तिचे आईबाबा पुण्याहून येऊन लंडनच्या हाउन्सलो भागात स्थायिक झाले होते आणि तिचा जन्म तिथलाच. मित्रांनो, तिची कामं माझ्या पानांत आली तेव्हा मी अक्षरशः फुललो. लहान मुलांना इन्हेलर कसा घ्यायचा हे दाखवणारी पट्टी, बियाण्यांची पाकिटं, समुद्राच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक. एकाही कामात उगाच काढलेली रेघ नव्हती. आपण रिकामी बॅग नाही, आपल्या पोटात काहीतरी मोलाचं आहे, हे मला तेव्हा कळलं.

२००३ च्या उन्हाळ्यात शिक्षण संपवून ती मला घेऊन घरी आली. दारातच तिचे बाबा, मुरलीधर खांबेटे, हसून म्हणाले, "काय गं, हा कुणाचा दरवाजा उचकटून आणलास?"

"बाबा, तो बॅग नाहीये, पोर्टफोलिओ आहे."

"ती बॅग, आणि तो पोर्टफोलिओ. बरं, या दरवाज्यातून नोकरी येणार आहे का आत?"

बाबा हीथ्रो विमानतळावर कार्गोमध्ये, म्हणजे मालवाहतुकीच्या खात्यात, काम करत. त्यांच्या ऑफिसात एक पर्मनंट जागा निघाली होती आणि त्यांनी ऋजुतासाठी शब्द टाकला होता. घरात ठरलं होतं की सप्टेंबरपर्यंत डिझाईनचं काम मिळालं तर उत्तम, नाहीतर ऋजुताने कार्गोच्या ऑफिसात रुजू व्हायचं. ऋजुताने हे मान्य केलं होतं. पण रात्री मला पलंगाखाली सरकवताना तिचा हात माझ्यावर जरा जास्त वेळ रेंगाळायचा.

त्या काळी लंडनच्या स्टुडिओंमध्ये एक पद्धत होती. नव्या मुलांनी भेटायला यायचं नाही, ठरलेल्या दिवशी नुसता पोर्टफोलिओ रिसेप्शनवर ठेवून जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायचा. मधल्या वेळात तो कुणी उघडला की नाही हे कळायला मार्ग नसे. म्हणून मुलांनी एक युक्ती काढली होती. ऋजुताही तिसऱ्या आणि चौथ्या पानाच्या मध्ये पांढऱ्या सुताचा एक तुकडा ठेवायची. परत आल्यावर सूत जागेवर असलं तर समजायचं, कुणी पाहिलंच नाही.

जून गेला, जुलै गेला. दर वेळी ती ट्रेनमध्ये बसल्या बसल्या माझी चेन उघडायची, आणि सूत जागच्या जागी. मला फार वाईट वाटायचं. माझ्या पोटात काय आहे हे मला माहीत होतं, पण मला तोंड नव्हतं.

तिच्या वर्गातली बाकीची मुलं स्वतःचा गाजावाजा करण्यात पटाईत होती. कुणी आपल्या नावाच्या आगपेट्या छापून स्टुडिओंना पाठवल्या, कुणी चहाच्या मगवर स्वतःचा चेहरा छापला, कुणी वेबसाईट काढली, ती उघडली की आधी नाव नाचत नाचत यायचं. ऋजुतानेही कार्डं छापली होती. सुबक, पांढरीशुभ्र, त्यावर नाव आणि फोन नंबर. त्यातलं एक तिने माझ्या पहिल्या पानात घातलं आणि लगेच काढलंही.

आई, अरुणाताई, म्हणाल्या, "राहू दे की गं ते. छान दिसत होतं."

"आई, पहिल्या पेजवरच माझा नाव? किती शो-ऑफ वाटतो."

"बरोबर आहे तिचं," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "काम चांगलं असलं की लोक आपणहून विचारत येतात. स्वतःची टिमकी आपण वाजवू नये."

हे वाक्य ऋजुताने लहानपणापासून ऐकलं होतं. शाळेत बक्षीस मिळालं तरी ती घरी "सगळ्यांनाच मिळालं" असं सांगायची. तर मित्रांनो, माझ्या अंगावर, माझ्या पोटात, कुठेही तिचं नाव नव्हतं.

ऑगस्ट संपत आला तेव्हा ती मला हॉबर्नजवळच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत घेऊन गेली. तिथे एकच जागा भरायची होती. रिसेप्शनवर माझ्यासारख्याच काळ्या पोर्टफोलिओंची चळत होती, त्यात तिने मला ठेवलं.

त्या दुपारी एखाद्या स्टुडिओत मी पहिल्यांदाच उघडला गेलो. ब्रॉनवेन नावाच्या बाई त्या स्टुडिओच्या प्रमुख होत्या. पिकलेले केस, काळं कार्डिगन, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी मला टेबलावर आडवं ठेवलं, पहिलंच पान उघडलं आणि इन्हेलरच्या पट्टीवर थांबल्या. पुढे गेल्या, परत मागे आल्या. मग त्यांनी माझा मागचा कप्पा तपासला, पुढचा तपासला, मला उभं धरून हलवून पाहिलं. टेबलावर मुलांनी पाठवलेल्या आगपेट्या, बिल्ले, मग आणि वितळून बसलेली चॉकलेटं पडली होती. त्यांच्याकडे पाहून त्या शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "या सगळ्यांवर नाव आहे आणि काम शोधावं लागतंय. इथे काम आहे आणि नाव शोधतेय मी!"

मित्रांनो, अभिमानाने माझ्या कड्या थरथरल्या. आणि दुसऱ्याच क्षणी मी घाबरलो. ही मुलगी कोण, हे त्यांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी ऋजुता मला न्यायला आली तेव्हा मी आत ब्रॉनवेनबाईंच्या टेबलावर होतो. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "तुझा कुठला?" ऋजुता म्हणाली, "काळा, मोठा." तिथे सगळेच काळे आणि मोठे होते. मुलीने वरचा उचलून दिला. तिच्यासमोर उघडून पाहणं ऋजुताला बरं दिसेना, म्हणून थँक यू म्हणून ती निघाली. पुढे काय झालं ते तिच्या तोंडून मी नंतर ऐकलं. ट्रेनमध्ये सूत बघायला तिने चेन उघडली, तर आत ग्लासगोच्या कुणा कॅलम नावाच्या मुलाची पोस्टरं! नाव पहिल्याच पानावर, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत.

त्या संध्याकाळी घरी जेवणं झाली नाहीत. बाबा म्हणाले, "मग तुझा कुठेय?"

"माहीत नाही, बाबा."

"फोन कर, सांग माझं नाव अमुक अमुक."

"नाव नाहीये ना त्याच्यावर. आतपण नाही."

बाबा सवयीने बोलून गेले, "लेबल नाही? मग संपलंच. आमच्याकडे लेबल नसलेली पेटी कुणाचीच नसते. आत सोनं असलं तरी..." आणि मध्येच थांबले. अरुणाताई त्यांच्याकडे बघत होत्या.

"बघता काय?" बाबा म्हणाले.

"काही नाही. पेट्यांना लेबलं लावता, आणि पोरीला सांगता टिमकी वाजवू नको."

बाबांनी खुर्ची ऋजुताकडे वळवली. मग म्हणाले, "ऋजू, उद्या जाऊन सांग. तुझं आहे ते तुझं म्हणून सांग. त्यात टिमकी नाही."

सकाळी ऋजुता स्टुडिओत पोचली तेव्हा कॅलम आधीच तिथे बसला होता. लाल केसांचा, उंच आणि वैतागलेला. त्याला आपला पोर्टफोलिओ मिळेना, आणि तासाभरात त्याची ग्लासगोची गाडी. ब्रॉनवेनबाईंना वाटलं, नाव नसलेल्या पोर्टफोलिओचा मालक सापडला. त्या मला घेऊन बाहेर आल्या आणि मला त्याच्यापुढे उघडलं.

कॅलमने एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. चेन लावून त्याने मला परत केलं. "माझा नाही," तो म्हणाला. "असता तर मी एवढा तोंड पाडून बसलो नसतो."

तेवढ्यात ऋजुता पुढे झाली. त्याचा पोर्टफोलिओ तिने त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "तो बहुतेक माझा असेल."

"बहुतेक?" ब्रॉनवेनबाईंनी चष्मा वर सरकवला. त्यांनी मला छातीशी धरलं. "असं कसं देऊ? आत काय आहे ते सांग."

"ग्रुपचं काम आहे बरंचसं... आम्ही सगळ्यांनी..."

"कुणी काय केलं ते मला कळू दे. नाहीतर मी कुणाचं कुणाला देईन."

आता पर्याय नव्हता. ही बढाई नव्हती, ओळख पटवायची होती. ऋजुता बोलायला लागली. "पहिल्या पानावर इन्हेलरची पट्टी आहे. छपाई मित्राने केली, आखणी आणि चित्रं माझी. हॉस्पिटलच्या जुन्या कागदावर इन्हेलर हलवायचं चित्र औषध ओढायच्या चित्राखाली होतं, म्हणून मुलं औषध आधी ओढायची आणि मग इन्हेलर हलवायची. मी वॉर्डात बसून पाहिलं. म्हणून चित्रं एकाखाली एक न ठेवता आडवी ओळ केली. पट्टी पलंगाच्या कठड्याला अडकते, कारण झोपलेल्या मुलाची नजर तिथे जाते." मग ती थांबेचना. पाकिटावर बी खऱ्या आकाराचं का छापलं, भरतीची रेघ निळी न करता करडी का केली. तिचा आवाज चढला, हात हलू लागले. कॅलम गाडीचं विसरून ऐकत उभा राहिला. मी पोर्टफोलिओ असून मला आजवर माहीत नव्हत्या अशा गोष्टी मी ऐकल्या.

"आणि तिसऱ्या पानानंतर पांढरं सूत आहे," ती शेवटी म्हणाली. "ते नसेल, तर तुम्ही उघडून पाहिलंय."

ब्रॉनवेनबाईंनी मला उघडलं. तिसऱ्या पानानंतर सूत नव्हतं. ऋजुताने वर पाहिलं. बाईंच्या काळ्या कार्डिगनच्या, माझ्या पानांवर घासलेल्या बाहीवर, कोपरापाशी, पांढऱ्या सुताचा तुकडा चिकटलेला होता.

सगळ्यांत आधी कॅलम हसला.

ब्रॉनवेनबाईंनी सूत बोटाच्या चिमटीत धरून तिच्या तळहातावर ठेवलं. "सोमवारी कामाला ये. आणि हे घे पेन. आत नाव लिही." ऋजुताने कोपऱ्यात मुंगीएवढं नाव लिहिलं. "आणखी मोठं," बाई म्हणाल्या. "मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

घरी आल्यावर बाबांनी ते नाव दोनदा वाचलं. मग खिशातून कार्गोचं एक जाड लेबल काढलं, त्यावर ठळक अक्षरात 'ऋजुता खांबेटे, हाउन्सलो' असं लिहून माझ्या मुठीला बांधलं आणि म्हणाले, "आता कुठेही गेला तरी घरी येईल हा दरवाजा."

त्यानंतर काही वर्षं मी खूप फिरलो. बर्मिंगहॅम, ग्लासगो, एकदा तर कार्डिफ. प्रत्येक टेबलावर ऋजुता मला उघडायची आणि न अडखळता सांगायची, हे मी केलं, हे माझ्या सहकाऱ्याने. दुसऱ्याचं नावही ती तितक्याच ठसठशीतपणे घ्यायची. कौतुक व्हायचं तेव्हा मी चेनीपर्यंत ताठ व्हायचो.

आता २००९ साल आहे. कामं वेबसाईटवर असतात, नाहीतर पीडीएफ करून मेलने जातात. मी स्टुडिओतल्या कपाटावर आडवा पडून असतो. धूळ माझ्यावर लगेच बसते, तुम्हाला कारण माहीत आहे. तरी मी रडत बसत नाही. मुलाखतीला येणारी मुलं लॅपटॉप उघडतात तेव्हा ऋजुता त्यांना पहिला प्रश्न विचारते, "यातलं तू काय केलंस?" मुलं लाजली, की ती मला कपाटावरून खाली काढते आणि ते लेबल दाखवते.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. कधीतरी घरातल्या जुन्या पोर्टफोलिओची, वहीची, चित्राची धूळ पुसा आणि ते कुणी केलं हे विचारा. आपल्या कामावर आपलं नाव लिहा, वाचता येईल एवढं. आणि दुसऱ्याचं काम हातात आलं तर त्याचंही नाव सांगा.

माझ्याकडूनही एक नाव सांगायचं राहिलं आहे. माझे कोपरे दोनदा शिवणाऱ्या त्या बाईंना शेजारच्या मशीनवरून हाक यायची, ती मला अजून आठवते. माझ्यावर ते नाव कुठेच छापलेलं नाही, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा. त्या मीनाक्षीबेन.